ठोका लागतोय, थ्रिल नाही

तासगावकडचा पेशंट. एकरभर द्राक्षबाग, मधुमेहाने किडन्या गेलेल्या, मानेत उजव्या बाजूला परमकॅथ, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली डायलिसिसची नळी. डायलिसिस त्यावरच चाललं होतं. फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी हातातली धमनी शिरेला जोडणं, करून घ्या म्हणून त्याला सांगलीला माझ्याकडे पाठवलं होतं, पण गडी तयार नव्हता. "साहेब, मानंतली नळी बरी हाय की. दर खेपंला सुया कोण टोचून घेणार?"

नळी सोयीची वाटते खरी. पण तिच्यातून जंतू थेट रक्तात शिरतात, आणि फार दिवस राहिली तर छातीतली मोठी शीर आतून आकसत जाते. मग त्या बाजूच्या हातात फिस्टुला केला तर हातच सुजतो. तो नुसता हूं हूं करत होता. थंडी वाजून ताप येतो म्हटल्यावर मात्र त्याची बायको पुढे सरकली. मशीनवर असताना त्याला अशी हुडहुडी भरलेली तिने पाहिली होती.

डाव्या दंडाला पट्टा आवळून डॉपलर, म्हणजे रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी, लावला. पहिली पसंती मनगटाची: रेडियल धमनीला शेजारची सिफॅलिक शीर जोडायची. 1966 पासून हीच पद्धत चालत आली आहे, आणि तो फिस्टुला बंद पडला तरी वरचा हात शिल्लक राहतो. याची मनगटावरची शीर बोटाला सुतळीसारखी कडक लागली. अशक्तपणा आला की गावातच 'ताकदीची बाटली', तीही प्रत्येक वेळी याच हाताला. आमच्या भागात फिस्टुलाला येईपर्यंत निम्म्या शिरा सलाईननेच संपवलेल्या असतात. याचा मला राग येतो. किडनीचा आजार कळला की त्या दिवसापासून ज्या हाताने आपण काम करत नाही त्या हातावर सुई नको. अगदीच लागली तर तळहाताच्या मागच्या बाजूला.

दंडातली सिफॅलिकही जेमतेम दीड मिलिमीटर. राहिले दोन रस्ते. एक पीटीएफई या प्लास्टिकची कृत्रिम नळी, हातातली धमनी आणि शीर यांच्यामध्ये बसवायची. ती दोन-तीन आठवड्यांत वापरता येते, पण गुठळी आणि इन्फेक्शन दोन्ही जास्त. दुसरा रस्ता बॅसिलिक शिरेचा. ती दंडाच्या आतल्या बाजूला खोल असते, म्हणून सलाईनवाल्यांच्या तावडीतून वाचलेली. याची साडेतीन मिलिमीटर भरली. मात्र ऑपरेशनं दोन: आधी कोपरापाशी धमनीला जोडायची, साधारण सहा आठवड्यांनी शीर फुगली की उचलून कातडीखाली पुढच्या बाजूला आणायची. नाहीतर टेक्निशियन सुई घालणार कुठे?

दुपारी हात बधिर करून सुरुवात केली. बॅसिलिकला चिकटून कातडीच्या संवेदनेची नस असते, ती जपत शीर सोडवली. धमनीला छेद मुद्दाम लहान, पाच मिलिमीटरच्या आत. मधुमेही माणसाला छेद मोठा झाला तर रक्त सगळं फिस्टुलाकडे पळतं आणि बोटं गार पडतात. प्रोलीनच्या धाग्याने शिवण पूर्ण केली, क्लॅम्प काढले. शीर टम्म भरली, बोटाखाली ठोका सणसणीत. थ्रिल, म्हणजे वाहत्या रक्ताची थरथर, मात्र नाही.

ठोका जोरात आणि थरथर नाही, म्हणजे रक्त आत येतंय, पुढे जात नाहीये. शिवण उसवायची घाई इथे करायची नसते. शिरेवरून बोट वर वर नेलं. जखमेच्या वरच्या टोकाला फॅशियाचा, म्हणजे स्नायूंवरच्या पडद्याचा, एक पातळ पट्टा शिरेवर आडवा ताणला होता आणि नेमकी तिथेच ती मुडपत होती. तो कापला आणि बोटाखाली थरथर सुरू झाली, पार वरपर्यंत.

"झालं काय साहेब?" पडद्यापलीकडून आवाज आला.

ड्रेसिंगनंतर उजव्या हाताची बोटं तिथे ठेवून त्याला रोज सकाळ-संध्याकाळ हे तपासायला शिकवलं. थरथर थांबली तर त्याच दिवशी यायचं. या हाताला बी.पी. नाही, सुई नाही, उशाला घेऊन झोपायचं नाही. दुसरं ऑपरेशन ऑक्टोबरात म्हटल्यावर तो उठूनच बसला. ऐन छाटणीत? दिवाळीनंतर बघू म्हणाला. तोवर मानेतली नळी राहणार, हे मला पटत नव्हतं.

"बाग भावजी बघत्याल," बायको म्हणाली. "तुमी तारीख लिवा."