टनामागे एक पेनी

आपली शाळा कोळशाच्या पट्ट्यातली. चानक (खाणीत उतरायची उभी विहीर), डोली (त्यातून वर-खाली जाणारा पाळणा), लॅम्परूम (खाणीतल्या दिव्यांची खोली), पाळीचा भोंगा हे शब्द वर्गात कुणाला समजावून सांगावे लागत नसत. म्हणून स्मरणिकेसाठी मनोगत मागितल्यावर बाकांच्या आणि छड्यांच्या आठवणी इतरांवर सोपवतो आणि एका दूरच्या खाणगावाबद्दल लिहितो. गाव स्कॉटलंडचं आहे, पण आपल्या माणसांना ते चटकन कळेल.

एडिनबर्गच्या आग्नेयेला तेरा-चौदा किलोमीटरवर मिडलोथियनमध्ये न्यूटनग्रेंज आहे. तिथले लोक त्याला ‘निटन’ म्हणतात. शेजारच्या न्यूबॅटल मठातले साधू तेराव्या शतकापासून कोळसा काढत होते. गाव फोफावलं ते मात्र १८९० मध्ये लोथियन कोल कंपनी निघाली आणि लेडी व्हिक्टोरिया खाणीचं चानक खणायला घेतलं तेव्हापासून. चानक सुमारे ५०० मीटर खोल, सहा मीटर व्यासाचं, आतून विटांनी बांधून काढलेलं. डोली ओढणारं वाफेचं इंजिन किल्मार्नॉकच्या ग्रँट, रिची कारखान्याचं, १८९४ चं. १९८१ मध्ये खाण बंद होईपर्यंत तेच चाललं.

कामगारांसाठी कंपनीने विटांच्या घरांच्या रांगा उठवल्या आणि रस्त्यांच्या नावांत डोकं घातलं नाही : फर्स्ट स्ट्रीट, सेकंड स्ट्रीट, तसं थेट टेन्थ स्ट्रीटपर्यंत. घर नोकरीबरोबर मिळायचं, नोकरीबरोबर जायचं. आपल्याकडच्या क्वार्टरचाच कायदा, पण जाच जास्त. मंगो मकाय हा कंपनीचा व्यवस्थापक १९३९ मध्ये मरेपर्यंत गावाचा खरा धनी होता. कुणाच्या बागेत तण माजलं, की त्या घरातल्या माणसाला कचेरीतल्या हिरव्या टेबलासमोर उभं राहावं लागे. दंड होई. बागा सुंदर होत्या यात शंका नाही. कुणाच्या धाकाने, ते विसरू नये इतकंच.

गावाचा पैसा कसा फिरायचा, हे मला सगळ्यांत शिकण्यासारखं वाटतं. त्याचं केंद्र होतं दारूचा गुत्ता! १८९९ मध्ये सुरू झालेलं डीन टॅव्हर्न ‘गॉथेनबर्ग’ पद्धतीचं होतं. ही पद्धत १८६५ च्या सुमारास स्वीडनच्या त्या शहरात रूढ झाली, म्हणून हे नाव. बोलताना लोक नुसतं ‘गॉथ’ म्हणत. नियम साधा. भागधारकांना वर्षाला जास्तीत जास्त पाच टक्के. म्हणजे १,००० पौंड भांडवलावर ५० पौंड, त्यावर छदामही नाही. उरलेला सगळा नफा गावाच्या कामाला. व्यवस्थापक पगारी, बिअर किती खपली यावर त्याची कमाई अवलंबून नसल्याने ग्राहकाला आग्रह करून पाजण्यात त्याला रस नाही. उधारी बंद, जुगार बंद, आणि खोली मुद्दाम रुक्ष, म्हणजे माणूस फार वेळ रेंगाळू नये. या नफ्यातून बाग, बोलिंगचं हिरवं मैदान, चित्रपटगृह अशा गोष्टी उभ्या राहिल्या. दोष उघडच आहे : बागेला जास्त पैसे हवे, तर गावाने जास्त प्यायला हवं. दारूबंदीवाल्यांनी तो पुन्हा पुन्हा दाखवला. दुसरा दोष कमी बोलला जातो. पैसे वाटणाऱ्या समितीवर कंपनीचं वजन असलं, की गावाचाच पैसा गावाला मेहरबानी म्हणून मिळतो.

दुसरा झरा कायद्याचा. १९२० च्या कायद्याने ब्रिटनमधल्या खाणमालकांना काढलेल्या दर टनामागे एक पेनी कामगार कल्याण निधीत भरावी लागली. तेव्हा २४० पेनींचा एक पौंड. अडीच लाख टन कोळसा निघाला, तर हजार पौंडांहून थोडे अधिक. टनामागे पेनी ऐकायला क्षुल्लक, पण ती उत्पादनाला बांधलेली होती, मालकाच्या मर्जीला नाही. १९२६ मध्ये जमीनमालकांच्या रॉयल्टीवर वेगळी पट्टी बसवून तो पैसा खाणीच्या तोंडाशी स्नानगृहं बांधायला दिला.

या स्नानगृहांची रचना बघण्यासारखी. प्रत्येकाला दोन कपाटं, एक स्वच्छ बाजूला आणि एक घाण बाजूला. कामावर येताना घरचे कपडे स्वच्छ कपाटात ठेवायचे, उघड्याने पलीकडे जायचं, खाणीचे कपडे चढवायचे. परतताना उलट, मध्ये फवाऱ्याखाली अंघोळ. घाण कपाटांतून गरम हवा खेळवलेली असे, कारण खाली पाणी ठिबकतं आणि ओले कपडे दुसऱ्या दिवशी तसेच घालणं म्हणजे सांधेदुखीला आमंत्रण. त्याआधी हे सगळं घरच्या बाईच्या माथी होतं : चुलीवर पाणी तापवा, पत्र्याच्या टबात नवऱ्याची पाठ चोळा, कपडे शेकोटीपुढे वाळवा. घरात तीन पाळ्यांचे तीन पुरुष असले, की चूल विझायचीच नाही.

गावाची करमणूकही शिस्तीची. पितळी वाद्यांचा सिल्व्हर बँड अजून आहे. अशा बँडमध्ये साधारण पंचवीस वादक असतात. बास ट्रॉम्बोन सोडला, तर बाकी सगळी पितळी वाद्यं ट्रेबल क्लेफ या एकाच स्वरलेखन पद्धतीत वाचली जातात. त्यामुळे कॉर्नेट वाजवणारा पोरगा, गरज पडली, की त्याच बोटांनी हॉर्न किंवा यूफोनियम धरू शकतो. पाळीमुळे नेहमी कुणीतरी गैरहजर, म्हणून ही सोय सोन्याची. थंडीत मात्र उघड्यावर सूर उतरतो. मुखातून फुंकून वाद्य आधी गरम करून घ्यावं लागतं.

स्कॉटलंडच्या खाणगावांत कबुतरांच्या शर्यतीचंही वेड. कबूतर दूर सोडतात, पण प्रत्येकाचं खुराडं वेगळ्या अंतरावर. म्हणून आधी पोचणारं जिंकत नाही. अंतर भागिले वेळ, मिनिटाला किती यार्ड, हा हिशोब. पायातलं रबराचं कडं काढून मोहरबंद घड्याळात टाकलं, की वेळ पक्की. कबूतर छपरावर बसून राहिलं आणि आत शिरलंच नाही, तर मालक खाली दाणे खुळखुळवत मिनिटं मोजत उभा!

१ जानेवारी १९४७ ला खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं. आपल्याकडे ते १९७३ मध्ये पूर्ण झालं. १९८१ मध्ये लेडी व्हिक्टोरिया बंद पडली, तेव्हा बरेच कामगार जवळच्या बिलस्टन ग्लेन आणि मंकटनहॉलला गेले. त्याही १९८९ आणि १९९७ मध्ये बंद झाल्या. कंपनीच्या नावावर जे होतं, ते कंपनीबरोबर गेलं. डीन टॅव्हर्नचा न्यास मात्र आजही गावातल्या संस्थांना पैसे देतो.

लेडी व्हिक्टोरिया खाणीचं आता राष्ट्रीय खाण संग्रहालय झालंय. कुणी एडिनबर्गला गेलंच, तर वेव्हर्ली स्टेशनवरून ट्वीडबँकची गाडी धरावी. हा मार्ग १९६९ मध्ये बंद पडला होता, २०१५ मध्ये परत सुरू झाला. न्यूटनग्रेंजला उतरलं, की खाण चालत पाच मिनिटांवर. वाट दाखवणाऱ्यांत जुने खाणकामगार असतात. डोलीबद्दल त्यांनाच विचारावं. मात्र फार उशीर करू नये, १९८१ मध्ये विशीत असलेला माणूस आज पासष्टीच्या आसपास किंवा त्यापुढे आहे.