२०५/५० आर१६ आणि आमचा पावसाळा

मागच्या दिवाळीत गाडीला सोळा इंची अलॉय रिम घातले. आधी कंपनीचे टायर १८५/६५ आर१५ होते, नवीन घेतले २०५/५० आर१६. गाडी दिसायला बसकी आणि दणकट झाली हे आहेच, पण मला वेड लावलं ते स्टिअरिंगने, आणि पुढे पावसाळ्यात घाबरवलं तेही त्याच स्टिअरिंगने, म्हणून हे लिहितोय.

आधी आकडे सांगतो. १८५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ६५ म्हणजे साईडवॉलची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे साधारण १२० मिमी, आणि आर१५ मधला १५ म्हणजे रिम पंधरा इंची. नवीन टायरची तीच उंची १०२ मिमी. रिम आणि रस्ता यांच्यामधली रबराची भिंत पावणेदोन सेंटीमीटरने कमी झाली, आणि सगळा खेळ ह्या पावणेदोन सेंटीमीटरचा आहे.

जुने टायर काढायच्या आदल्या दिवशी अंगणात गाडी चालू ठेवून धाकट्या भावाला स्टिअरिंग हळूहळू फिरवायला सांगितलं आणि मी पुढच्या चाकाजवळ उकिडवा बसलो. आधी रिम वळते, मग साईडवॉल पिळवटते, तिच्यावर बारीक सुरकुत्या दिसतात, आणि मग कुठे खालचा पट्टा मातीवर खरवडत वळतो. नवीन टायरवर हेच बघितलं तर रिम आणि पट्टा जवळपास एकदमच हलले. चालत्या गाडीत पण हेच होतं, रिम एका दिशेला आणि टायर प्रत्यक्षात जातो ती दिशा थोडी वेगळी, ह्या फरकाला स्लिप अँगल म्हणतात, वळायला लागणारी पकड त्याच्यातूनच तयार होते. भिंत बुटकी असली की कमी स्लिप अँगलला जास्त जोर मिळतो, म्हणून हात फिरवला की गाडी लगेच वळते.

त्या थंडीत साखरप्याहून आंबा घाट चढताना जे वाटलं ते अजून आठवतं, प्रत्येक वळणावर गाडी बरोब्बर जिथे नजर तिथे, आधी वळणाच्या मध्यावर पुन्हा जरासं सावरावं लागायचं ते बंदच झालं आणि बॉडी रोल, म्हणजे वळणावर गाडीचं एका बाजूला कलणं, पण कमी वाटला (सस्पेन्शन तेच होतं, पण टायर दबायचा थांबला की फरक कळतो).

आता एक गोष्ट बरेच जण चुकीची धरून चालतात आणि मी पण धरली होती, की रुंद टायर म्हणजे रस्त्याला जास्त रबर टेकणार. पुढच्या एका चाकावर धरा ३५० किलो वजन, हवा ३३ पीएसआय म्हणजे चौरस सेंटीमीटरला साधारण २.३ किलो, तर टेकणारी जागा दीडशे चौरस सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे जेमतेम तळहाताएवढी, टायर कुठलाही असो. मी गेरू कालवून चाकाला लावला, जॅकवर उचलून खाली पेपर घातला आणि गाडी परत खाली सोडली. जुन्या टायरचा ठसा लांबट होता, नवीनचा आडवा पसरलेला आणि आखूड. जागा बहुतेक तेवढीच, आकार वेगळा. कोरड्या वळणावर हा आडवा ठसा कामाला येतो.

आणि पावसात तोच नडतो. रुंद टायरला समोरचं जास्त पाणी बाजूला सारावं लागतं आणि ठसा आखूड म्हणजे त्याला वेळही कमी. जूनमध्ये लांज्याच्या पुढे हायवेवर रपरप पाऊस, मी ऐंशीच्या आसपास, रस्त्याच्या कडेला पाणी साचलेलं, त्यात डावं चाक गेलं आणि स्टिअरिंग एकदम हलकं झालं, हातात काहीच राहिलं नाही. ब्रेक मारला नाही, अॅक्सिलरेटर सोडून सरळ धरून राहिलो. दोनेक सेकंदच असतील पण बाजूला आई बसली होती. तोच रस्ता, तसाच पाऊस, जुन्या टायरवर त्या वेगाला असं मला कधी झालं नव्हतं.

दुसरा त्रास म्हणजे ट्रकच्या चाकांनी पडलेले चर. रुंद टायर चराची कड पकडतो आणि स्टिअरिंग ओढायला लागतं, दोन्ही हात घट्ट ठेवावे लागतात. माझ्या रिमचा ऑफसेट (रिम गाडीला जिथे बसते ती जागा रिमच्या मध्यापासून किती आत-बाहेर आहे ते माप) पण कमी होता, चाक थोडं बाहेर आलेलं, त्यामुळे एका चाकाला दणका बसला की तो थेट हातात यायचा. रिम घेताना ऑफसेट विचारा, कृपा करून विचारा, मी फक्त डिझाईन बघितलं होतं. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, तो पण बघा, माझे जुने टायर ८८ चे होते म्हणजे एकाला ५६० किलो, नवीन ८७, म्हणजे ५४५.

शेवटी जुलैमध्ये वहाळावरच्या साकवाजवळ पाण्याने भरलेला खड्डा दिसलाच नाही. सकाळी बघतो तर साईडवॉलवर लिंबाएवढा फुगा आणि रिमची कड आत गेलेली. पंक्चरवाल्याने अंगठा फिरवला आणि म्हणाला, "दादा, ह्याला पॅच नाय बसत, आतली दोरी तुटलीय. हायवेला नेऊ नका." १२० मिमीची भिंत दबून तो मार खाते, १०२ ला ती जागाच उरत नाही.

आता परत १८५/६५ आर१५ वर आलोय, पण ह्या वेळी ओल्या रस्त्यावर चांगली पकड देणारे टायर बघून घेतले आणि हवा दर पंधरा दिवसांनी थंड टायरवर तपासतो. आंबा घाटात ती धार नाहीये, आणि मला तिची आठवण येते. पण आमच्याकडे चार महिने पाऊस असतो आणि गाडीत आई-बाबा असतात.

परवा शेजारचा मुलगा सतरा इंची घालायचेत म्हणून विचारायला आला. त्याला म्हटलं आधी जॅक घेऊन ये, गेरू मी कालवतो.