छोटी क्रूझर, शिकाऊ चालक: निवड कुठवर आली

माझी उंची पाच फूट दोन इंच, लर्निंग लायसन्स हातात, आणि घ्यायची तर क्रूझरच, म्हणजे बुटक्या सीटची, पाय पुढे ठेवून चालवायची मोटरसायकल. चाळता चाळता यादीत दोन गाड्या उरल्यात: बजाज अ‍ॅव्हेंजर स्ट्रीट १६० आणि रॉयल एनफिल्ड मेटिऑर ३५०.

सीटची उंची अ‍ॅव्हेंजरची ७३७ मिमी, मेटिऑरची ७६५. दोन्हींवर माझे तळवे पूर्ण टेकतात, त्यामुळे तिथे काही ठरत नाही. ठरतं ते इंजिन बंद असताना. मेटिऑर १९१ किलोची, अ‍ॅव्हेंजर १५६ची. आमचं पार्किंग तळघरात आहे आणि रॅम्पच्या तोंडाशी गाडी ढकलत मागे घ्यावी लागते. तिथे हा ३५ किलोंचा फरक थेट मांड्यांत आणि मनगटांत उतरतो. म्हणून शोरूममध्ये टेस्ट राइडच्या आधी मी चावी न लावता गाडी साइड स्टँडवरून सरळ करते, हँडल दोन्ही टोकांना वळवते आणि बसल्या बसल्या पायांनी मागे रेटून पाहते. नवशिक्यांनी एवढं जरूर करावं. सरळ रस्त्यावरच्या चक्करीत वजन कळतच नाही.

गाडी सुरू झाली की पारडं मेटिऑरकडे झुकतं. तिचा २७ न्यूटन मीटर टॉर्क (इंजिनची ओढ) ४००० आरपीएमलाच (इंजिनचे मिनिटाला फेरे) मिळतो, त्यामुळे क्लच सोडताना हात जरा अडखळला तरी ती सांभाळून घेते. अ‍ॅव्हेंजर १६०चा १३.७ न्यूटन मीटर मिळायला ७००० आरपीएम लागतात, म्हणजे निघताना थ्रॉटल नीट द्यायला हवा. ब्रेकचंही तेच: मेटिऑरला दोन्ही चाकांना डिस्क आणि ड्युअल चॅनेल, म्हणजे दोन्ही चाकांवरचं, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा), अ‍ॅव्हेंजरला मागे ड्रम आणि एबीएस फक्त पुढे. ही बाब मला फार महत्त्वाची वाटते.

पाय पुढे असल्यामुळे स्पीड ब्रेकरवर फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभं राहून धक्का चुकवता येत नाही, सगळा कमरेत येतो. दोन्ही गाड्यांत हे आहेच, वेग आधी उतरवायची सवय लावून घ्यायची.

सरावासाठी ओळखीतली जुनी अ‍ॅव्हेंजर मिळाली आहे. मोकळ्या मैदानात पाण्याच्या बाटल्या ठेवून इंग्रजी आठचा आकडा काढते: हाफ क्लच (क्लच अर्धवट सोडलेला), मागचा ब्रेक हलका दाबलेला, नजर वळणाच्या पलीकडे, आणि हँडल वळलेलं असताना पुढच्या ब्रेकला हात नाही. डावीकडचं वळण आता सुटसुटीत बसतं. उजवीकडे अजून पाय खाली जायला बघतो.

सध्या कौल १६०ला. मेटिऑरचे ब्रेक मोह घालतात, पण रॅम्पवर दररोज एकटीनं गाडी हाताळायची आहे. लर्निंगला ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येत नाही. तोवर उजवीकडचा आठ पक्का करायचा आणि १६० त्याच रॅम्पवर चढवून बघायची, डीलरनं घरी टेस्ट राइड कबूल केली आहे. पाच फुटांच्या आसपास उंचीच्या कुणी १६०चं हँडल थोडं मागे घेतलं असेल, तर यू-टर्नला काय फरक पडला ते जरूर सांगा.