ती अकरा मिनिटं

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तुम्हीच असं नाही; गेली तीस वर्षं प्रत्येक कार्यक्रमानंतर, मी वायरी गुंडाळत असताना, कुणीतरी येऊन हेच विचारतं: "सर, रंगभवनातली ती अकरा मिनिटं ठरवून होती ना?" त्यातला 'ना' सगळं सांगतो. उत्तर नको असतं, होकार हवा असतो. आणि मी तो देत आलोय.

धोबी तलावच्या त्या उघड्या नाट्यगृहाची थोरवी तुम्हाला माहीतच आहे. 1978 च्या जॅझ यात्रेत अमेरिकन सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्स तिथे वाजवून गेला, 1986 पासून इंडिपेंडन्स रॉक या रॉक महोत्सवाला पोरांची झुंबड उडायची. पुढे 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, कॉलेज-हॉस्पिटलांपासून 100 मीटर शांतता क्षेत्र, आणि रंगभवनातला आमचा धिंगाणा संपला. जागा गप्प झाली की दंतकथा फोफावतात. माझीही फोफावली.

साल 1991. सिंथेसायझर घ्यायला आमच्याकडे पैसे नव्हते. 'असते तरी घेतला नसता,' असं मी पुढे मुलाखतींत सांगायचो. थाप. पहिल्या दिवशी घेतला असता. नव्हते, म्हणून गिरगावातल्या एका पिठाच्या गिरणीत टेपरेकॉर्डर घेऊन बसलो. गिरणीच्या पट्ट्याला जोड असतो, तो चाकावरून गेला की 'ठक्' वाजतं. वीतभर फितीत, म्हणजे पाचेक सेकंदांत, असे दहा-बारा ठक् मावले. फीत कापली, टोकाला टोक चिकटवलं आणि रिकाम्या कॅसेटमध्ये गोल फिरती बसवली. आमचा ड्रमर त्या ठक्‌वर वाजवायचा. अगदी वर नाही, केसभर मागे. ते त्यालाच जमायचं.

जोड मी साध्या सेलोटेपनं मारला होता. तो म्हणाला होता, "अरे, नीट स्प्लायसिंग टेप आण. या दमट हवेत हे पाघळणार." मी म्हटलं, बघू.

रंगभवनात गाणं सुरू झालं आणि तिसऱ्या मिनिटाला पाघळलं. फीत रोलरला चिकटली, ठक् लांबत लांबत म्हशीसारखा हंबरला आणि बंद. समोरची पोरं आधीपासूनच 'मेडन! मेडन!' करत होती, म्हणजे आयर्न मेडन या बँडची गाणी मागत होती. मला काही म्हणजे काही सुचेना. गिटार अँप्लिफायरकडे वळवली आणि जाडी तार छेडून उभा राहिलो. स्पीकर तारेला हलवतो, तार स्पीकरला पुन्हा ओरडायला लावते. वाजवणाऱ्यानं नुसतं उभं राहायचं. पाऊलभर सरकलो की सूर वरच्या सप्तकात उडी मारायचा, परत आलो की घरघरत खाली. पहिली चप्पल स्टेजवरच्या मॉनिटर स्पीकरवर पडली, दुसरी माझ्या पोटरीवर.

आठवड्याभरानं एका पेपरात चार ओळी आल्या. त्यात 'धाडस' असा शब्द होता. कात्रण मी कित्येक वर्षं पाकिटात बाळगलं आणि कॅसेटचं नाव कुणापुढे काढलं नाही. अकरा हा आकडाही माझाच. त्या रात्री घड्याळ बघायला कुणाला फुरसत होती?

आता माझ्यातला तो जुना भांडकुदळ म्हणेल, अपघातानं झालं म्हणून बिघडलं काय? चुकून लागलेला सूर गवई सावरून घेतो आणि शिष्य तीच जागा म्हणून घोकतात. त्याचं अगदीच चूक नाही. त्यानंतर मी हेच काम इमानानं केलं, बँकेत नोकरी करून, पदरचे पैसे घालून. अँपसमोर कुठे उभं राहिलं की कुठला सूर येतो, हे मला आज डोळे मिटून कळतं. ते कुणी फुकट दिलेलं नाही.

पण 'ठरवून होती ना' म्हटलं की मला गिटार आठवत नाही, ड्रमर आठवतो. त्यानं काठ्या मांडीवर ठेवल्या होत्या. मग एक उचलली, झांजेपर्यंत नेली आणि तशीच धरून माझ्याकडे बघत राहिला. येऊ का, एवढंच विचारत होता. मी नुसती मान हलवली असती तरी त्यानं ठक्‌शिवाय गाणं उचललं असतं. ते त्याच्या अंगात भिनलेलं होतं. मला दिसलं, स्पष्ट दिसलं. पण तोवर मला मजा यायला लागली होती. मी पाठ फिरवली. ती कुठल्याही टेपनं फिरवायला लावली नव्हती.

महिनाभरात तो एका ऑर्केस्ट्रात लागला. भांडण नाही, काही नाही. मध्यंतरी फोनवर हसत म्हणाला, "तुझा एकच आयटम गाजला, तोही माझ्याशिवाय."

मी म्हटलं, "तू होतास की स्टेजवर."

"होतो ना," म्हणाला, आणि नातवाला शाळेतून आणायची वेळ झाली म्हणून फोन ठेवला.