रात्री साडेतीनचं पाणी : आरव्हीचा प्रेशर रेग्युलेटर आणि चार मुक्काम

आमच्या आरव्हीत, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीत, डोंगरपायथ्याच्या मुक्कामी रात्री साडेतीनला आई पाणी प्यायला उठली आणि तिचा पाय ओल्याचिंब गालिच्यावर पडला. "अरे ऊठ, खाली सगळं ओलं लागतंय." दिवा लावून बेसिनखालचं कपाट उघडलं, तर थंड पाण्याच्या जोडावरचा प्लास्टिकचा नट तडकला होता आणि त्यातून बारीक चिळकांडी उडत होती. आधी बाहेर धावत जाऊन गाडीला होजनं जोडलेला कॅम्पचा नळ बंद केला, मग टॉवेल, चादरी, हाताला लागेल ते खाली पसरलं.

त्या नळाला रेग्युलेटर, म्हणजे पाण्याचा दाब कमी करणारा नग, लावलेला होता, आणि हे लिहायला बसलो ते त्यामुळेच. एकदा रेग्युलेटर लावला की प्रेशरचा विषय संपला, असं मीही तीन वर्षं धरून चाललो होतो.

प्रवास नऊ दिवसांचा होता. मी, पत्नी आणि आई. पहिला मुक्काम सपाटीवर, दुसरा डोंगराच्या पायथ्याशी, तिसरा वर उंचावर आणि चौथा समुद्राकाठी. पहिल्या मुक्कामात सांगण्यासारखं काही घडलं नाही, म्हणून दुसऱ्यापासूनच सुरुवात करतो.

सकाळी शेजारच्या गाडीतले काका आमचा वाळत घातलेला गालिचा बघून आले. "नळाचं प्रेशर मोजलंय का तुम्ही?" नव्हतं मोजलं. त्यांच्याकडे नळाला थेट लावता येणारा गेज होता, दोन काट्यांचा. काळा काटा त्या क्षणाचा दाब दाखवतो आणि लाल काटा दिवसभरात गाठलेल्या सर्वांत जास्त आकड्यावर थांबून राहतो. "आत्ता बघून उपयोग नाही. रात्रभर राहू द्या." त्या रात्री आम्ही गाडीच्या टाकीतल्या पाण्यावर राहिलो आणि नळाला फक्त गेज लावून ठेवला. संध्याकाळी सगळे आंघोळी-धुण्यात असताना आकडा ६२ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड, दाबाचं एकक) होता. सकाळी लाल काटा ९८ वर थांबलेला दिसला.

कारण समोरच होतं. कॅम्पची पाण्याची टाकी टेकडीच्या माथ्यावर, आमच्यापेक्षा साधारण ७० मीटर उंच. दर १० मीटर उंचीला सुमारे १४ पीएसआय, म्हणजे जवळजवळ १ बार दाब मिळतो. दिवसा बरेच नळ चालू असतात, वाहत्या पाण्याचा दाब नळीतल्या घर्षणात खर्च होतो. रात्री सगळे झोपले की वाहणं थांबतं आणि टाकीची पूर्ण उंची प्रत्येक गाडीच्या जोडांवर येऊन बसते. नुकसान होतं ते या स्थिर दाबानं. दुपारी नळ सोडून "धार काही फार जोरात नाही" असं म्हणण्याला म्हणूनच अर्थ नाही.

अमेरिकेतल्या प्लंबिंग नियमांत इमारतीला येणारा दाब ८० पीएसआयच्या वर असेल तर रेग्युलेटर बसवावाच लागतो. ऑस्ट्रेलियात ही मर्यादा ५०० किलोपास्कल, म्हणजे ७२ पीएसआयच्या आसपास आहे. पण ते घरांचं झालं. कॅम्पमधल्या उघड्यावरच्या नळाला कोणता दाब येतो हे तुमचं तुम्हालाच बघावं लागतं. गाडीतली पेक्सची (एका चिवट प्लास्टिकची) नळी दणकट असते, साध्या तापमानाला १६० पीएसआयपर्यंतची तिची क्षमता असते. कच्चे असतात ते प्लास्टिकचे जोड, टॉयलेटची झडप, शॉवरची लवचीक नळी आणि फिल्टरचं भांडं. आमचा नट तडकला, पण नळीला ओरखडाही नव्हता.

मग माझा जुना रेग्युलेटर काय करत होता? तो पितळेचा, बोटभर लांबीचा, ठरावीक दाबाचा नग होता. त्याच्या तोंडाशी जाळी नव्हती. काढून तळहातावर आपटला तर रेतीचे चार कण पडले. आतली झडप जिथे टेकते तिथे असा एक कण अडकला, तरी झडप पूर्ण बंद होत नाही. पाणी वाहतं आहे तोवर दाब ठीक वाटतो. सगळे नळ बंद झाले की पाणी झिरपत राहतं आणि तासा-दोन तासांत आतला दाब बाहेरच्या दाबाइतका होतो. बाहेरून काहीच कळत नाही, कारण या प्रकाराला गेज नसतो. माझं ठाम मत असं झालं आहे की बिनगेजचा रेग्युलेटर घेऊच नये. बजेट अगदीच तंग असेल तर स्वस्तातला घ्या, पण त्याच्या पुढे वेगळा गेज लावा.

नवा घेताना मी दाब कमी-जास्त करता येणारा, डायफ्रामचा (आतल्या लवचीक पडद्याचा), गेजसकटचा घेतला. त्यात स्प्रिंग झडप उघडी ठेवते आणि पुढच्या बाजूचा दाब डायफ्रामला रेटून ती बंद करतो. स्क्रू आत फिरवला की स्प्रिंग दाबली जाते आणि दाब वाढतो. दुसरा फायदा धारेचा. होजच्या टोकाशी १० लिटरची बादली भरायला जुन्यातून ८० सेकंद लागायचे, नव्यातून ४५ लागले. लहान रेग्युलेटरमधली वाट अरुंद असते. त्यामुळे कोणी बेसिनचा नळ सोडला की शॉवरमधल्या माणसाची धार बसते, हे आम्ही तीन वर्षं सहन केलं.

घेताना आणखी दोन गोष्टी बघा. पितळ पिण्याच्या पाण्यासाठीचं, शिसेमुक्त असावं. अमेरिकेत २०१४ पासून पाण्याशी संपर्क येणाऱ्या भागांत सरासरी ०.२५ टक्क्यांपेक्षा जास्त शिसं चालत नाही. दुसरं, आटे. उत्तर अमेरिकेत पाऊण इंची बागेच्या होजचे आटे असतात, इंचाला साडेअकरा. युरोप-ऑस्ट्रेलियात वापरतात त्या पाऊण इंची बीएसपीला (ब्रिटिश पद्धतीच्या पाइपच्या आट्यांना) इंचाला चौदा. दिसायला सारखे, पण एकमेकांत बसत नाहीत. एक-दोन फेरे चढतात आणि मग आटे मरतात. ऑनलाइन मागवत असाल तर हे आधी तपासा.

लावायचा कुठे? नळालाच, गाडीच्या तोंडाशी नाही. गाडीजवळ लावला तर मधली सगळी होज पूर्ण दाबाखाली राहते आणि उन्हात मऊ पडलेली होज फुगून फुटते. फिल्टर नेहमी रेग्युलेटरच्या पुढे, म्हणजे त्याच्या भांड्यालाही कमीच दाब लागतो. सांडपाण्याची टाकी धुवायची होज मात्र पूर्ण वेगळी, वेगळ्या रंगाची, आणि पाणी उलटं फिरू न देणाऱ्या झडपेसह. पिण्याच्या पाण्याच्या वाटेत ती कधीच येऊ देऊ नका.

बसवण्याआधी नळ अर्धा मिनिट मोकळा सोडून गाळ-रेती जाऊ द्यावी. हे मी तीन वर्षं केलं नाही, त्याचे चार कण वर सांगितलेच. रेग्युलेटर जड असतो आणि होजचं वजन त्यात भर घालतं, म्हणून मध्ये हातभर लांबीची जोडहोज किंवा काटकोनी जोड घालावा. होजच्या आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळायची नसते, तिथं पाणी रबराचा वॉशर अडवतो. टेप लागते ती गेजच्या निमुळत्या आट्यांना. हातानं घट्ट करा. गळतंय म्हणून पान्यानं आवळण्याआधी वॉशर बदलून बघा, दहापैकी नऊ वेळा दोष त्याचाच असतो. चार-पाच जादा वॉशर डब्यात हवेतच.

दाब ठरवताना मी आधी फसलो. स्क्रू सैल केला, पण काटा ७० वरून हलेना. नग सदोष आहे असं वाटून परत करायला निघालो होतो. पण नळ सगळे बंद असताना पुढच्या बाजूला अडकलेला दाब जाणार कुठे? गाडीतला एक नळ क्षणभर उघडून बंद केल्यावर काटा खाली आला. म्हणजे पद्धत अशी: स्क्रू थोडा फिरवा, नळ उघडा, बंद करा, मग आकडा वाचा. मी ५० वर ठेवला. बऱ्याच गाड्यांतला, टाकीतलं पाणी नळांना ढकलणारा १२ व्होल्टचा पंप ५५ च्या आसपास आपोआप थांबतो, म्हणजे आतलं प्लंबिंग तेवढं रोज सोसत असतंच. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत यापेक्षा कमी आकडा असेल तर तोच खरा. मग सगळं बंद ठेवून तासाभरानं पुन्हा काटा बघा. तिथेच असेल तर झडप नीट टेकते आहे, हळूहळू चढला असेल तर आत कचरा आहे. ही परीक्षा आता मी प्रत्येक मुक्कामी झोपण्याआधी घेतो.

तिसऱ्या मुक्कामी, उंचावर, काटा ५० वर स्थिर होता आणि तरी हीटरच्या बाहेरच्या झडपेतून थेंब गळायला लागले. पत्नी म्हणाली, "नवा रेग्युलेटरही गेला वाटतं." तसं नव्हतं. गाडीच्या तोंडाशी एकमार्गी झडप असते, पाणी आत येतं पण परत जात नाही. हीटरमध्ये पाणी तापून फुगलं की त्याला वाट उरत नाही आणि फक्त आतला दाब चढतो. बाहेरच्या गेजला त्याचा पत्ताही लागत नाही. टाकीच्या हीटरवरची सुरक्षा-झडप साधारणपणे १५० पीएसआय किंवा ९९ अंश सेल्सिअसला उघडते, ती तिचं काम करत होती. हीटरच्या टाकीत वरच्या बाजूला हवेचा कप्पा असावा लागतो, आमचा संपला होता. हीटर बंद करून पाणी पूर्ण गार होऊ दिलं, बाहेरचा नळ आणि पंप बंद केले, गरम पाण्याचा नळ उघडला आणि झडपेची कडी उचलून पाणी थांबेपर्यंत वाहू दिलं. मग कडी सोडून, नळ बंद करून पुन्हा भरलं. थेंब थांबले. पाणी गार झाल्याशिवाय त्या कडीला हात लावू नका, पोळाल.

त्याच मुक्कामी रात्री पारा शून्याखाली जाणार होता. रेग्युलेटरच्या पितळी पोटात पाणी गोठलं की तो तडकतो, म्हणून गाडीची टाकी भरून घेतली, तो आणि होज काढून पाणी झटकलं आणि आत आणलं.

कुठेही गाडी सोडून बाहेर पडताना मी आता नळ बंद करतो. त्या रात्री आई उठली म्हणून पाणी अर्ध्या तासात सापडलं. आम्ही दिवसभर डोंगरात असतो तर फरशीखालची लाकडी तक्तपोशी गेली असती.

समुद्राकाठी उलट झालं. नळालाच जेमतेम ३० पीएसआय, आणि संध्याकाळी त्याहून कमी. रेग्युलेटर दाब कमी करतो, वाढवू शकत नाही. तो काढून, कोरडा करून, दोन्ही तोंडांना झाकणं लावून डब्यात ठेवला, टाकी भरून घेतली आणि शेवटचे दोन दिवस पंपावर काढले.