आमची वाटचाल : लाखेच्या पॉलिशपासून गिटारच्या टवक्यापर्यंत

आमचा मूळ धंदा फर्निचर पॉलिशचा. नारायण पेठेत वडिलांचं छोटं दुकान होतं. सागवानी कपाटाला लाखेचं पॉलिश, पुढे मेलामाइन, मग पीयू (पॉलियुरेथेन), आणि रंगीत काम आलं की ड्युको, हे सगळं मी आणि धाकटा भाऊ त्यांच्या हाताखाली शिकलो. गिटार आमच्याकडे आली ती २०११ साली. ऑर्केस्ट्रात वाजवणारे एक काका त्यांची लाल स्ट्रॅटोकास्टर, म्हणजे अमेरिकन फेंडर कंपनीची इलेक्ट्रिक गिटार, घेऊन आले. गणपतीच्या कार्यक्रमात माइकचा स्टँड तिच्यावर पडला होता आणि कडेचा टवका उडून आतलं लाकूड दिसत होतं. वाजायला गिटार ठणठणीत होती, पण काकांच्या तोंडची चव गेली होती. बाकी सगळीकडे त्यांना ‘अख्खी रंगवून देतो’ असंच उत्तर मिळालं होतं. वडिलांनी गिटार दारात उजेडात नेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, “जेवढं गेलंय तेवढंच भरू. बाकीच्याला हात कशाला लावायचा?”

आमचं दुकान आजही याच एका वाक्यावर चालतं.

फर्निचरवाल्याला गिटारचं पॉलिश समजायला वेळ लागत नाही, कारण माल बराचसा ओळखीचाच असतो. जुन्या अमेरिकन गिटारांवर नायट्रोसेल्युलोज लॅकर असायचं. आपल्याकडे सुतार ज्याला एनसी म्हणतात त्याच जातीचं. फेंडरचे १९५० आणि ६० च्या दशकातले गाजलेले रंग तर मोटारींचेच. फिएस्टा रेड १९५६ च्या फोर्ड थंडरबर्डचा, आणि रंग ड्यूपाँटचा. वडिलांनी आयुष्यभर कपाटांवर ज्या जातीचा ड्युको मारला, तोच हा. १९६८ च्या सुमारास फेंडरने जाड पॉलिएस्टर धरलं, त्याला आम्ही नुसतं पॉली म्हणतो. गिब्सन ही दुसरी अमेरिकन कंपनी आजही नायट्रोच वापरते.

हा फरक आधी ओळखला नाही तर पुढचं सगळं काम वाया. म्हणून गिटार आली की आम्ही प्रथम मानेच्या सांध्यात किंवा मागच्या झाकणाखाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी, काडीच्या टोकाने थिनरचा थेंब लावतो. नायट्रो असेल तर जागा चिकट होते, पॉली ढिम्म हलत नाही. मारही दोन्हींना वेगळा लागतो. पातळ नायट्रो लाकडाबरोबर दबतं आणि पोचा पडतो. पॉली काचेसारखं कडक, त्याचा टवकाच उडतो. कधी टवका उडत नाही, पण आत पॉली लाकडापासून सुटतं आणि वरून पांढुरका डाग दिसतो. तिथे बारीक चिरेतून पातळ सुपरग्लू आत झिरपू दिला की डाग डोळ्यांदेखत नाहीसा होतो. गिऱ्हाईक समोर उभं असताना हे काम करायला मला फार आवडतं.

टवका भरणं मात्र सबुरीचं काम. आधी रंग. दुपारच्या कडक उन्हात आम्ही रंग जुळवत नाही. सकाळच्या उजेडात जुळवतो आणि मग पिवळ्या दिव्याखाली परत पाहतो, कारण गिटार शेवटी स्टेजवर जाते. शिवाय जुनं लॅकर पिवळं पडलेलं असतं. कारखान्यातून पांढरी निघालेली गिटार वीस-तीस वर्षांनी सायीच्या रंगाची होते, तिथे नवा पांढरा ठिगळासारखा दिसतो. रंग बसला की पॉलीवर सुपरग्लूचे आणि नायट्रोवर लॅकरचेच थेंब, एकावर एक, आजूबाजूच्या पातळीपेक्षा किंचित वर येईपर्यंत. मग ब्लेड. ब्लेडच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावतो, म्हणजे फक्त मधली धार उंचवट्याला लागते आणि शेजारचं मूळ पॉलिश शाबूत राहतं. त्यानंतर हजार, पंधराशे, दोन हजार नंबरचा वॉटर पेपर आणि शेवटी कंपाउंड. नायट्रोचे थेंब कित्येक दिवस आत बसत राहतात, म्हणून ते काम आम्ही दोन-तीन आठवडे टांगून ठेवतो. गिऱ्हाइकाचे फोन येतात, पण घाईने घासलेल्या जागी महिन्याभरात खळगा दिसणारच.

पोच्याला वाफ द्या, असा सल्ला सर्रास दिला जातो. ओल्या फडक्यावर गरम इस्त्री ठेवली की दबलेलं लाकूड फुगतं, हे खरं आहे. पण जाड पॉलीखाली वाफ शिरतच नाही, आणि नायट्रो उष्णतेने नि ओलाव्याने पांढरं पडतं. फिनिश फुटून लाकूड उघडं पडलेलं असेल तरच आम्ही वाफ वापरतो.

सुरुवातीची वर्षं ओढाताणीची गेली. नखाएवढ्या जागेचे एवढे पैसे का, हे लोकांना पटायचं नाही, आणि घर फर्निचरवरच चालायचं. मग हिंजवडीतल्या कंपन्यांत काम करणारी, परदेशातून गिटार घेऊन आलेली मंडळी एकमेकांच्या ओळखीने येऊ लागली. भावाने मिरजेला जाऊन तंतुवाद्यांच्या कारागिरांकडे लाखेत रंग मिसळून पातळ हात कसे द्यायचे ते नीट पाहून घेतलं. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्ही दुकानात पेढे वाटले. लाख नायट्रोवरही धरते आणि पॉलीवरही. सनबर्स्टच्या, म्हणजे मध्ये फिकट आणि कडेला गडद होत जाणाऱ्या रंगकामाच्या, कडेचा तपकिरी रंग आज आम्ही त्याच पद्धतीने जुळवतो.

काही कामं आम्ही घेत नाही. १९६५ च्या आधीची, मूळ रंगातली फेंडर कुणी ‘नव्यासारखी करून द्या’ म्हणून आणली तर आम्ही हात जोडतो. अशी गिटार पुन्हा रंगवली की तिची किंमत साधारण निम्म्यावर येते, आणि गेलेला मूळ रंग परत आणता येत नाही. आयरिश गिटारवादक रोरी गॅलाघरच्या १९६१ च्या स्ट्रॅटोकास्टरवर रंग जेमतेम उरला होता, तरी ती जगातल्या सगळ्यात लाडक्या गिटारांपैकी एक. वाजवून झिजलेली जागा आम्ही भरत नाही. अपघाताचा टवका वेगळा, तो सलतो, आणि तो भरून मागण्यात काही गैर नाही.

आज दुकानात आम्ही दोघं भाऊ आणि दोन मुलं. फर्निचर बंद केलं. जून ते सप्टेंबर नायट्रो फवारत नाही, कारण दमट हवेत लॅकर दुधाळ होतं. त्या दिवसांत पॉलीची कामं आणि घासकाम. गणपती-नवरात्रात गर्दी असते, तेव्हा कार्यक्रमवाल्यांनी आधी फोन करावा.

गिटार पडलीच तर एवढं करा. उडालेली कपची शोधून कागदाच्या पुडीत ठेवा. पुष्कळदा तीच परत बसवता येते. जागेवर सेलोटेप लावू नका, निघताना ती शेजारचं लॅकर उपटते. नेलपेंट आणि मार्कर तर मुळीच नको. नायट्रोची गिटार रबरी स्टँडवर ठेवत असाल तर मध्ये सुती कापड घाला, कारण रबराने लॅकर मऊ पडून कायमचा डाग राहतो. आणि फोटो पाठवताना फ्लॅश बंद ठेवून खिडकीजवळ, तिरक्या उजेडात काढा, म्हणजे पोचा आहे की टवका ते आम्हाला इथूनच कळतं.