शेतीच करायची, तर इंग्रजी कशाला?

पालकसभेत, बाजारात, एसटी स्टँडवर हा प्रश्न येतोच: "सर, पोरगं शेवटी केळीतच राबणार. दहावीचं इंग्रजी त्याच्या काय कामाचं?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नोकरी लागेल, असं मी कुणाला सांगत नाही. तिची हमी मी कुठून देणार?

त्यापेक्षा कीटकनाशकाच्या बाटलीसोबत येणारं घडीचं माहितीपत्रक उघडा आणि डोसचा तक्ता बघा. एका रकान्यात मूळ घटक (औषधातला कीड मारणारा भाग) ग्रॅममध्ये, पुढे प्रत्यक्ष औषध मिलीत, मग पाणी लिटरमध्ये, आणि शेवटी फवारणीनंतर तोडणीपर्यंत किती दिवस थांबायचं ते. आकडे बहुतेक वेळा हेक्टरी असतात. आपला हिशोब एकरी, आणि एक हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर. समजा, हेक्टरी १०० मिली औषध आणि ५०० लिटर पाणी लिहिलंय. म्हणजे एकराला ४० मिली, २०० लिटर पाण्यात. १५ लिटरच्या पंपाला ३ मिली. 'हेक्टरी' हा शब्द नजरेतून सुटला आणि १०० मिली एकरातच संपवलं, तर औषध अडीचपट पडलं. पैसा गेलाच, वर पानं करपली तर तेही आपल्याच माथी. मूळ घटकाच्या रकान्यातले ग्रॅम हेच औषधाचं माप समजलं, तर उलटा प्रकार: औषध कमी पडतं आणि कीड मरत नाही. शेवटचा रकाना वाचलाच नाही, तर भरताची वांगी औषधासकट बाजारात जातात.

"पण मराठीतही छापतात ना?" छापतात, आणि तेही घडी न मोडता कचऱ्यात जातं. अक्षर मुंगीएवढं, आणि दुकानदाराने झाकणाचं माप सांगितलेलं असतंच. म्हणून माझ्या लेखी प्रश्न इंग्रजीचा कमी आणि सावकाश वाचण्याचा जास्त आहे. इंग्रजीचा तास त्याला बरा पडतो, कारण परकी भाषा घाईने वाचून हाती काही लागत नाही.

शाळेत हे बिघडतं कुठे, तर पॅसेजमध्ये, म्हणजे उताऱ्यावरच्या प्रश्नांत. मुलं प्रश्नातला शब्द उताऱ्यात हुडकतात आणि ती ओळ जशीच्या तशी उतरवतात. मार्क पडतात, अर्थ कळलेला नसतो. दुसरी खोड म्हणजे प्रत्येक शब्दावर पेन्सिलीने देवनागरीत उच्चार लिहिणं; वाचन खणखणीत, आत काही नाही. (निबंधाच्या गाईडबद्दल बोलायला बसलो तर रात्र होईल.)

यावर चालणारा उपाय म्हणजे असा प्रश्न, ज्याचा एकही शब्द उताऱ्यात नाही. उतारा म्हणून ते माहितीपत्रकच दिलं, तर "दोन एकराला किती?" हे ओळ उतरवून सुटत नाही. उत्तर आधी घरच्या बोलीत घ्यायचं: अहिराणी, लेवा गणबोली, पावरी, जी असेल ती. मग मराठीत, आणि शेवटी इंग्रजीत एक वाक्य. क्रम उलटा केला की हुशार मूलही गप्प बसतं.

घरी करायचं असेल तर रोज दहा मिनिटं पुरतात. कागद कुठलाही चालेल: खताच्या गोणीवरचा मजकूर, पीकविम्याची पावती, ठिबकच्या फिल्टरसोबतचं पत्रक. मुलाने वाचायचं, अडलेल्या शब्दाखाली रेघ मारायची आणि तुम्हाला समजावून सांगायचं. उच्चार सुधारत बसू नका. "म्हणजे कितलं?" एवढंच विचारत राहा आणि आकडा आला की तो कागदावर कुठे दिसला, तिथे बोट ठेवायला लावा.